श्वास कोणाच्या मालकीचा?

आपल्या पूर्वजांनी माणसाच्या एका अहोरात्रातील श्वासांचा हिशेब मांडून ठेवला होता : एकवीस हजार सहाशे. मिनिटाला पंधरा श्वास धरून चोवीस तासांचा गुणाकार केला, तर उत्तर नेमके हेच येते. आणि स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस वेळा चालतो, असे आजचे वैद्यकही सांगते. या एकवीस हजारांपैकी आपण स्वतः 'घेतलेले' श्वास किती? फुंकर घातली, सूर लावला, विहिरीत बुडी मारली, सुस्कारा सोडला, असे मोजके प्रसंग वगळले तर उरलेले सारे श्वास आपल्याला न विचारता येतात आणि न सांगता जातात. आपली भाषा हे जाणून आहे. आपण 'श्वास घेतो' असे म्हणतो खरे. पण आजाऱ्याच्या उशाशी बसलो की 'श्वास चालू आहे' असे म्हणतो आणि सारे संपल्यावर 'प्राण गेला' असे म्हणतो. जणू तो कोणी पाहुणा होता. आला, राहिला आणि गेला. मग हा श्वास कोणाच्या मालकीचा?

हा प्रश्न पंडितांनी फुरसतीने चघळावा असा वाटेल. पण सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग किंवा उमरग्याजवळ एखाद्या तरुणाच्या दुचाकीला अपघात होतो, डोक्याला मार लागलेल्या त्या मुलाला रातोरात सोलापूरला हलवले जाते आणि दोन-तीन दिवसांनी अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टर त्याच्या बापाला सांगतात, "हृदयाचे ठोके चालू आहेत, पण श्वास यंत्राचा आहे." त्या क्षणी हा प्रश्न पंडितांचा राहत नाही. अंग गरम आहे, छाती वरखाली होते आहे, नाडी लागते आहे; मग मुलगा गेला म्हणायचे की आहे म्हणायचे? यंत्र बंद करणे ही हत्या की शरणागती? आपला धर्म काय सांगतो? असा प्रसंग धाराशिव जिल्ह्यातल्या घरावर येतो, तसाच तो वसईच्या, मुंबईच्या, कोणत्याही धर्मग्रामातल्या घरावर येऊ शकतो. प्रसंग येऊन ठेपल्यावर विचाराला सवड नसते. म्हणून तो आधीच, शांतपणे करून ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शरीराची रचना पाहू. कारण नीतीचा विचार वस्तुस्थितीला सोडून करता येत नाही.

कवटीच्या तळाशी, जेथे मेंदू मणक्यातील मज्जारज्जूला मिळतो, तेथे अंगठ्याएवढा एक देठ आहे. त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. त्याच्या सर्वांत खालच्या भागाचे नाव लंबमज्जा. विचार, स्मृती, भाषा, गणित हे सारे वरच्या मोठ्या मेंदूचे वैभव. पण श्वासाचा ताल या देठात जन्म घेतो. १९९१ साली जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या नवजात पिलांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, लंबमज्जेतील चेतापेशींचा एक चिमुकला पुंजका श्वासाची लय निर्माण करतो. त्याला 'प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स' असे अवघड नाव आहे, आणि या नावाचे मूळ एका जर्मन द्राक्षारसाच्या बाटलीत आहे! काही हजार पेशींचा हा पुंजका आपल्या जन्मापासून मरणापर्यंत ठेका धरून बसलेला असतो. त्याच्या पेशी एकमेकींशी रसायनांच्या भाषेत बोलतात. ग्लुटामेट हे रसायन 'चल' म्हणते, गॅबा आणि ग्लायसिन 'थांब' म्हणतात, सेरोटोनिन आणि आणखी काही रसायने ठेक्याची गती कमीजास्त करतात. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर या रसायनांना ओळखणारी कुलपे असतात. त्यांनाच वैद्यक रिसेप्टर, म्हणजे ग्राही, असे म्हणते. योग्य किल्ली लागली की कुलूप उघडते आणि निरोप पुढे जातो.

या देठाला शरीराच्या कानाकोपऱ्यांतून बातम्या येत असतात. मानेतील मोठ्या धमनीपाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक पिंड रक्तातील प्राणवायूवर पाळत ठेवतो. तेथून निघणाऱ्या निरोपांवर श्वास कसा बदलतो, हे दाखवून देणारे बेल्जियमचे कोर्नेय हेमान्स यांना १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. खुद्द लंबमज्जेतही अशा पेशी आहेत, की रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा जरी साठला तरी त्या श्वासाला टाच मारतात. म्हणूनच कोणालाही केवळ इच्छेच्या बळावर श्वास कायमचा रोखून धरता येत नाही. हट्टी मूल श्वास कोंडून निळे पडते. पण शुद्ध हरपताच देठ त्याच्या हट्टाला बाजूला सारतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. माणसाच्या इच्छेला येथे एक मर्यादा घालून दिलेली आहे.

हृदयाची गोष्ट थोडी वेगळी आहे. मिस्साबलिदानाच्या वेळी आपण गुडघे टेकतो आणि नंतर उभे राहतो. उभे राहताच रक्त पायांकडे ओढले जाते, मानेतील धमनीवरचा ताण कमी होतो, त्याची वर्दी देठाला मिळते, आणि एक-दोन ठोक्यांच्या आत हृदय वेग घेते. म्हणून आपण भोवळ येऊन पडत नाही. देठाचा लगाम हृदयापर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूचे नाव व्हेगस. हा लगाम रासायनिक आहे हे ऑटो लोवी यांनी सिद्ध केले. त्यांनीच पुढे सांगितलेली हकिकत अशी की, ईस्टर रविवारच्या आदल्या रात्री त्यांना हा प्रयोग झोपेत सुचला. त्यांनी तो कागदावर खरडला, पण सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना. पुढच्या रात्री तीन वाजता तीच कल्पना परत आली, तेव्हा मात्र ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या एका हृदयाचा व्हेगस चेतवून त्याची गती त्यांनी मंदावली, आणि त्या हृदयाभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर घालताच तेही मंदावले. १९२१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. ते रसायन म्हणजे अॅसिटिलकोलिन. १९३६ साली लोवींना हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळाले. आणि १९३८ साली नाझींनी ज्यू म्हणून त्यांना तुरुंगात टाकले, पारितोषिकाची रक्कम हिरावून घेतली व मगच देश सोडू दिला. हृदयाचा लगाम शोधणाऱ्याच्या नशिबी हृदयशून्यांशी गाठ पडावी, हा इतिहासाचा कठोर विनोद होय.

येथे एक भेद वाचकांनी मनात पक्का धरावा, कारण पुढील सारा विचार त्यावर उभा आहे. हृदयाला स्वतःची चाल आहे; देठ फक्त लगाम धरतो. लगाम सुटला तरी घोडा काही काळ धावतो. फुप्फुसांना मात्र स्वतःची चाल नाही. देठाची आज्ञा थांबली की छातीचा पडदा हलत नाही आणि श्वास संपतो.

आता कोणी विचारील : श्वास आणि ठोका ही जर रसायनांची आणि कुलपांची करामत, तर उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने मातीच्या माणसात जीवनाचा श्वास फुंकला असे जे सांगितले आहे, त्याचे काय? आत्मा कोठे राहिला?

या प्रश्नावर विचार करताना आम्हांला धाराशिव जिल्ह्यातीलच एका गावाची आठवण होते. तेरणाकाठचे तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. भजनात तल्लीन होऊन माती तुडवणारा हा कुंभार संतांच्या मेळ्यात मडक्यांचा पारखी म्हणून प्रसिद्ध आहे. कोणाचे मडके पक्के आणि कोणाचे कच्चे हे त्याने थापटण्याने ठोकून सांगितले, अशी कथा आहे. कुंभाराच्या मातीचे कोणी कितीही बारकाईने पृथक्करण केले, तिच्यात वाळू किती, लीद किती, राख किती याचा तक्ता मांडला, तरी त्याने कुंभार नाहीसा होत नाही. मातीचे ज्ञान वाढले, एवढेच. २०२० सालच्या जानेवारीत याच जिल्ह्याच्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादेत, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि 'सुबोध बायबल'चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच्या अध्यक्षस्थानी होते. गोरोबाकाकांच्या प्रदेशात एका कॅथलिक धर्मगुरूला मराठी सारस्वताने हा मान दिला, यात आम्हांला एक सूचक अर्थ दिसतो : मातीची आणि कुंभाराची ही भाषा दोन्ही परंपरांना घरची आहे.

तथापि श्रद्धावंतांनीही एक पथ्य पाळले पाहिजे. विज्ञानाला जे अजून उमगलेले नाही त्या कोपऱ्यात देवाला नेऊन बसवण्याचा मोह वाईट. असा देव प्रत्येक नव्या शोधाबरोबर एकेक खोली खाली करीत जातो. ख्रिस्तसभेने आत्म्याला असे कोपऱ्यात कधी बसवलेच नव्हते. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते आत्मा म्हणजे शरीराच्या यंत्रात लपलेला छोटा चालक नव्हे. सबंध शरीराला 'हे शरीर' करणारे, त्याला एकत्व देणारे तत्त्व म्हणजे आत्मा. १३१२ साली व्हिएन येथील धर्मपरिषदेने हाच विचार स्वीकारला. म्हणून ग्लुटामेटचे कुलूप आणि आत्मा हे एका जागेसाठी भांडणारे दोन भाडेकरू नाहीत. देव श्वास देतो तो या कुलपांवाचून नव्हे, यांच्याच द्वारे देतो. हिब्रूत 'रुआह' या एकाच शब्दात वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ नांदतात. आपला 'प्राण'ही काही फार वेगळा नाही.

मग मालकीचा निर्णय काय? आमच्या मते शरीराची रचनाच त्याचे उत्तर सुचवते. ज्या श्वासाची सुरुवात आपण केली नाही, जो आपण झोपेत विसरतो तरी चालतो, जो आपल्या हट्टालाही जुमानत नाही, त्याचे आपण मालक नाही. आपण विश्वस्त आहोत. ठेव दुसऱ्याची, सांभाळ आपला. मालक वस्तू मोडूनही टाकू शकतो. विश्वस्ताला तो अधिकार नाही. परंतु विश्वस्ताने ठेव देवाऱ्यात ठेवून तिचीच पूजा करणे हेही योग्य नव्हे. ज्याची ठेव त्याने ती मागितली की हात सैल करावे लागतात.

'श्वास देवाचा' असे म्हणून माणसाची जबाबदारी मात्र संपत नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे हादरली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. त्यांचे श्वास त्यांच्या देठांच्या हवाली होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. भूकंप निसर्गाचा होता. पण मातीत रचलेल्या त्या जड दगडी भिंती माणसांच्या होत्या. देवाने नेले, एवढे म्हणून भिंतीचा हिशेब चुकवता येत नाही. विश्वस्ताने भिंतीचाही विचार करायचा असतो.

असा विश्वस्तपणा कसा दिसतो, याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले डोळ्यांदेखत मरत होती. विंचवाचे विष मज्जातंतूंच्या टोकांना इतके चेतवते की अॅड्रिनॅलिन व नॉरअॅड्रिनॅलिन यांचे वादळ उठते. ही रसायने रक्तवाहिन्यांवरील 'अल्फा' नावाच्या ग्राहींना पकडून वाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते. देठाच्या हातातला लगाम जणू कोणी हिसकावून घेतो. डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून हे चक्र नोंदले आणि अल्फा ग्राहींना झाकणारी प्राझोसिनची साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर दंशात शंभरातील चाळीसच्या घरात असलेले मृत्यू एकाच्या आसपास आले. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने खेड्यातल्या या डॉक्टरचे लेखन छापले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ग्राहींचे ज्ञान येथे शेजारधर्म झाले. चांगल्या शोमरोनीच्या दृष्टान्तातील तेल आणि द्राक्षारस यांच्या जागी एक गोळी आली, एवढाच फरक.

आता विश्वस्तपणाची कसोटी पाहणारे तीन प्रसंग घेऊ.

पहिला प्रसंग वेदनेचा. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात घरातली आई रात्रभर कण्हते. डॉक्टर मॉर्फिन सुचवतात, आणि घरातले घाबरतात : "मॉर्फिनने श्वास बंद पडतो म्हणे! म्हणजे आपणच तिला मारायचे?" भीतीला आधार आहे. मॉर्फिन ज्या 'म्यू' नावाच्या ग्राहींना लागून वेदना शमवते, तेच ग्राही श्वासाचा ठेका धरणाऱ्या पुंजक्यातही आहेत. एकाच किल्लीने दोन दारे उघडतात. परंतु जाणत्या डॉक्टरने मात्रा बेताबेताने वाढवली, तर श्वासाचा धोका लोकांना वाटतो त्याच्या मानाने फार थोडा असतो. आणि धर्माचे उत्तर तर १९५७ च्या फेब्रुवारीतच पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांना दिले आहे : हेतू वेदना शमवण्याचा असेल, दुसरा उपाय नसेल, तर औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरी ते देण्यास हरकत नाही. मारण्यासाठी दिलेली मात्रा आणि दुःख शमवण्यासाठी दिलेली मात्रा या बाहेरून सारख्या दिसल्या तरी नीतीच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या कृती आहेत. कोणी स्वखुशीने आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून औषध नाकारले तर ते उदात्त खरे. पण दुसऱ्याच्या दुःखाचे अर्पण आपण परस्पर करू शकत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिन मिळणे फार अवघड केले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी झाली आहे. आईसाठी ते मागताना मनात अपराधभाव नको.

दुसरा प्रसंग अधिक कठीण. अरुणा शानबाग ही मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील एका सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि तिची जाणीव कायमची झाकोळली. पण देठाने श्वास सोडला नाही. कोणत्याही यंत्रावाचून ती श्वास घेत राहिली, भरवलेले अन्न गिळत राहिली. रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला न्हाऊ-माखू घातले, भरवले, कूस पालटून दिली. तिचे अन्न थांबवून तिला जाऊ द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली; मात्र त्याच निकालात, असाध्य स्थितीत उपचार थांबवण्याची वाट काही अटींवर मान्य केली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. बेचाळीस वर्षांच्या या कहाणीवर लोक अजूनही दोन बाजूंनी बोलतात. असे जगणे ते काय जगणे, असे म्हणणाऱ्यांच्या मनातली करुणा आम्ही नाकारत नाही. पण ती मृत नव्हती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी मार्च २००४ मध्ये अशा रुग्णांविषयी सांगितले की, माणूस कधीही 'भाजी' होत नाही; शरीर स्वीकारू शकते तोवर अन्नपाणी हा उपचार नसून साधी, नित्याची शुश्रूषा आहे. के.ई.एम.च्या त्या परिचारिकांनी कोणता धर्मग्रंथ उघडून हे ठरवले नव्हते. त्यांच्या हातांना ते समजले होते.

तिसरा प्रसंग म्हणजे आरंभी सांगितलेल्या त्या बापाचा. येथे देठच मेलेला असतो, आणि ही अवस्था अरुणाच्या अवस्थेहून सर्वस्वी निराळी आहे. कोमा, दीर्घकाळची अचेत अवस्था आणि मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू या तिन्हींना लोक 'कोमात आहे' असे एकच नाव देतात, आणि घोटाळा तेथेच होतो. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा महाराष्ट्रात १९९५ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. मस्तिष्कस्तंभाचे सर्व कार्य कायमचे व अपरिवर्तनीय रीतीने थांबले आहे, हे चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवावे, असे तो सांगतो. बुबुळावर प्रकाश टाकतात, डोळ्याला कापूस लावतात, घशाला नळी लावून ठसका येतो का पाहतात. शेवटी श्वासाची परीक्षा असते. प्राणवायू देत ठेवून श्वासयंत्र बाजूला करतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. देठातील पेशींना श्वासासाठी याहून मोठी हाक नाही. डॉक्टर उघड्या छातीकडे टक लावून वाट पाहतात. एक जरी श्वास आला तरी देठ जिवंत. आला नाही, तर हाक ऐकणारे कोणी उरलेले नाही.

आपल्याकडे 'नाकाला सूत धरणे' हा वाक्प्रचार मरणघटकेसाठी रूढ आहे. नाकपुडीशी धरलेले सूत हलते का, हे खेड्यातली जाणती माणसे पाहत. अतिदक्षता विभागातील ही परीक्षा म्हणजे तेच सूत; फक्त अधिक बारीक आणि अधिक प्रामाणिक. यंत्राने हवा ढकलली तर छाती हलते, पण ते सूत हलवणारा श्वास त्या माणसाचा नसतो. आणि हृदय? ते स्वतःच्या चालीने धडधडत असते. काही ठिकाणी डॉक्टर अॅट्रोपिन देऊन पाहतात. व्हेगसचा लगाम सैल करणारे हे औषध जिवंत देठ असलेल्या माणसाचे ठोके वाढवते. देठ मेलेला असेल तर ठोके जागचे हलत नाहीत. सैल करायला लगामच कोणी धरलेला नसतो. बापाच्या हाताला लागणारी नाडी खरी आहे. पण ती स्वार गेलेल्या घोड्याची धाव आहे.

पोप बारावे पायस यांनी १९५७ च्या नोव्हेंबरातच सांगितले की, मृत्यूचा क्षण ठरवणे हे डॉक्टरांचे काम, ख्रिस्तसभेचे नव्हे. आणि असाधारण उपायांनी आयुष्य लांबवत राहण्याचे बंधन कोणावर नाही. २००० सालच्या ऑगस्टमध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रत्यारोपणतज्ज्ञांसमोर म्हटले की, मेंदूचे सर्व कार्य पूर्णपणे व कायमचे थांबल्याचा निकष काटेकोरपणे लावला, तर तो माणसाविषयीच्या ख्रिस्ती विचाराशी विसंगत दिसत नाही. येथे प्रामाणिकपणे दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. पोपमहोदय मोठा मेंदू, लहान मेंदू आणि देठ या तिन्हींविषयी बोलले. आपला कायदा देठापुरता बोलतो. आणि काही कॅथलिक विचारवंतांना या निकषाविषयी आजही शंका आहेत. आमचे मत असे की, देठाचा मृत्यू कायद्याने सांगितलेल्या कसोशीने सिद्ध झाला असेल, तर यंत्र बंद करण्यात हत्या नाही. ज्याची ठेव होती त्याने ती नेली आहे, एवढे आपण मान्य करतो. त्यानंतर कोणी अवयव दिले, तर ते पोप दुसरे जॉन पॉल यांनी म्हटल्याप्रमाणे प्रेमाचे अस्सल कृत्य आहे. पण ते दान आहे, वसुली नव्हे. ज्याच्या मनाची तयारी नाही अशा बापाला कोणी स्वार्थी म्हणू नये.

एक इशारा मात्र अवश्य दिला पाहिजे. श्वासयंत्र लावले म्हणजे माणूस गेला, असा उलटा समजही तितकाच घातक. २०२० आणि २०२१ च्या महामारीत यंत्रावर गेलेली कितीतरी माणसे घरी परतली. त्यांची फुप्फुसे थकली होती, देठ जिवंत होता. आणि जिल्ह्याच्या गावाहून सोलापूर किंवा लातूर गाठलेल्या कुटुंबाचे पैसे संपले म्हणून रुग्णाला घरी नेणे, आणि उपचार व्यर्थ ठरले म्हणून थांबणे, या दोन कृती कागदावर एकाच सहीने होतात. तरी नीतीच्या दृष्टीने त्या एक नाहीत. पहिल्या सहीचा भार त्या गरीब कुटुंबावर नव्हे, आपणा सर्वांवर आहे. धर्मग्रामाचा मदतनिधी, शेजाऱ्यांची वर्गणी, सरकारी योजनेचा अर्ज भरून देणारा एखादा जाणता तरुण, हाही विश्वस्तपणाच.

तेव्हा आमची वाचक कुटुंबांना विनंती आहे की, घरात सारे धडधाकट असतानाच एकदा जेवणानंतर या विषयावर बोलावे. कोणाची काय इच्छा आहे ते ऐकून घ्यावे. प्रसंग आलाच तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : श्वास रुग्णाचा स्वतःचा आहे की यंत्राचा? यंत्राचा असेल, तर देठाच्या दोन्ही तपासण्या नियमाप्रमाणे झाल्या का? आणि हा उपचार माणसाला आधार देतो आहे की केवळ मरण लांबवतो आहे? चौथा प्रश्न डॉक्टरांना नव्हे, स्वतःला विचारायचा : धर्मगुरूंना रुग्णाभ्यंगासाठी वेळेत बोलावले का? 'त्यांना पाहून आजारी घाबरेल' या सबबीखाली आपण हा संस्कार शेवटच्या घटकेवर ढकलतो. वस्तुतः तो मरणाऱ्यांचा नव्हे, आजाऱ्यांचा संस्कार आहे.

पवित्र आठवड्यातील तैलाशीर्वादाच्या मिस्सात महागुरू आजाऱ्यांचे तेल आशीर्वादित करतात, आणि त्याच विधीत ख्रिस्माच्या पात्रावर ओणवून फुंकर घालण्याची प्रथा आहे. एका वृद्ध माणसाची ती साधी फुंकर. तिच्यामागे त्याच्या देठातील तेच काही हजार पेशींचे ठाणे असते, तेच ग्लुटामेट, तीच कुलपे. त्या फुंकरीकडे पाहताना ख्रिस्तसभेला उत्पत्तीतला मातीचा माणूस आठवतो आणि पुनरुत्थानाच्या संध्याकाळी बंद दाराआड शिष्यांवर फुंकर घालणारा प्रभूही आठवतो. श्वास मुठीत धरून ठेवण्याची वस्तू नाही. तो आत घेतला तसा बाहेर सोडावाच लागतो. दिवसातून एकवीस हजार सहाशे वेळा शरीर आपल्याला हाच धडा देत असते. शेवटचा श्वास सोडताना, किंवा आपल्या माणसाला तो सोडू देताना, हा धडा आपल्या कामी यावा.